ते जहाज मागे वळलं नव्हतं

'अमेझिंग ग्रेस' या प्रसिद्ध इंग्रजी ख्रिस्ती गीताबद्दलचा एक मजकूर सध्या मराठी ख्रिस्ती ग्रुप्समधून फिरतो आहे. मलाच तो चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. तीनदा मी काही न बोलता सोडून दिला. चौथ्यांदा तो नगरच्या माझ्या मावशीकडून आला आणि खाली तिने लिहिलं होतं, "शब्बाथ शाळेत वाचून दाखवला गं, मुलांना इतका आवडला की नाताळात यावर नाटुकलं बसवतोय." आता गप्प बसणं शक्य नाही.

मजकूर थोडक्यात असा. जॉन न्यूटन नावाचा इंग्रज कप्तान आफ्रिकेतून जहाजभर गुलाम घेऊन निघाला होता. तो स्वतःही एकेकाळी गुलाम होता. भर समुद्रात वादळ झालं, त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली, वादळ शमलं. त्याच क्षणी त्याने जहाज मागे वळवलं आणि सगळ्या गुलामांना त्यांच्या किनाऱ्यावर सोडून दिलं. त्याच रात्री डेकवर बसून, जहाजाच्या पोटातून ऐकू येणाऱ्या गुलामांच्या चालीवर त्याने हे गीत लिहिलं. मग जहाज ओल्नी बंदराला लागलं. गीत ऐकून इंग्लंडचं मन द्रवलं, देशाने माफी मागितली आणि सगळे गुलाम मुक्त झाले. शेवटी अर्थातच, आमेन लिहा आणि दहा जणांना पाठवा.

मी इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला राहते. ओल्नी आमच्यापासून जवळ, बसने सहज जाता येतं. गुरुवारच्या बाजाराला, म्युझियममध्ये, चर्चच्या आवारात मी अनेकदा गेले आहे. आणि न्यूटनबद्दल बोलायला ऐकीव गोष्टींची गरजच नाही. या माणसाने स्वतः लिहून ठेवलंय. १७६४ मध्ये त्याचं आत्मकथन छापलं गेलं, कप्तान असतानाची रोजनिशी शिल्लक आहे, आणि १७८८ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. खाली मी जे लिहिते आहे ते बहुतेक त्याच्याच तोंडचं आहे.

"जहाज ओल्नी बंदराला लागलं"

ओल्नीला बंदर नाही. ओल्नी बकिंगहॅमशरमधलं बाजाराचं गाव आहे, लंडनच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटर, चहूबाजूंनी शेती. गावाशेजारून ग्रेट ऊझ नदी संथ वाहते, तिच्यात हंस आणि बदकं असतात. अटलांटिक ओलांडून येणारं जहाज इथे लागायचं तर शेतं तुडवत यावं लागेल. न्यूटनचं वादळात सापडलेलं जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर, लॉख स्विली नावाच्या खाडीत लागलं. न्यूटन ओल्नीला आला तो १७६४ मध्ये, वादळानंतर सोळा वर्षांनी, आणि आला तो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू म्हणून. नकाशा उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं. ज्याने हा मजकूर लिहिला त्याने तेवढंही केलं नाही.

"तो स्वतःही गुलाम होता"

यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. १७४४ मध्ये, वयाची विशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, न्यूटनला जबरदस्तीने इंग्रज आरमारात भरती केलं गेलं. तिथून तो पळाला, पकडला गेला, फटके खाल्ले. पुढे पश्चिम आफ्रिकेत, आजच्या सिएरा लिओनच्या किनाऱ्यालगतच्या प्लँटेन बेटांवर, तो एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या नोकरीत राहिला. तिथे त्याचे फार हाल झाले. व्यापाऱ्याच्या आफ्रिकन बायकोने त्याला उपाशी ठेवलं, तापाने फणफणलेला असताना प्यायला पाणीही मिळेना. ओल्नीच्या थडग्यावर त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेला मजकूर कोरलेला आहे. त्यात तो स्वतःला आफ्रिकेतल्या गुलामांचा चाकर म्हणवतो.

पण त्याला कोणी बाजारात विकलं नव्हतं, त्याच्या अंगावर डाग दिला नव्हता, आणि बापाने ओळखीच्या जहाजमालकाकरवी निरोप धाडल्यावर एक जहाज त्याला शोधत आलं. साखळीतल्या माणसासाठी कुणाचं जहाज येत नव्हतं.

या काळातली एक गोष्ट मात्र मला वाचल्यापासून विसरता येत नाही. तो सांगतो की तो भुकेने मरायला टेकला असताना, साखळदंडात बांधलेल्या गुलामांनी आपल्या तुटपुंज्या शिध्यातलं अन्न चोरून त्याला आणून दिलं. कुणी पाहिलं असतं तर त्यांची धडगत नव्हती. हे लक्षात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

"वादळ शमलं आणि त्याने जहाज मागे वळवून गुलामांना सोडलं"

नाटुकल्यात सगळ्यात टाळ्या घेणारा प्रसंग हाच असणार. आणि सगळ्यात खोटाही हाच आहे. मावशीशी मी तासभर बोलले ते यावरच.

वादळ झालं मार्च १७४८ मध्ये. जहाजाचं नाव ग्रेहाउंड. न्यूटन तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि त्या जहाजावर कप्तान नव्हता, बापाच्या सांगण्यावरून घरी नेला जाणारा प्रवासी होता. जहाजावर गुलाम नव्हतेच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्या जहाजाने सोनं, हस्तिदंत, रंगासाठी लागणारं लाकूड आणि मेण गोळा केलं होतं. या मालाचं महत्त्व तो स्वतः सांगतो. जहाजाची एक बाजू लाटांनी फोडली, पाणी आत भसाभस शिरलं, आणि तरीही ते बुडालं नाही याचं एक कारण म्हणजे पोटात भरलेलं मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलकं होतं. माणसं भरलेली असती तर ती पहिल्या तासात बुडून मेली असती. न्यूटन डेकवर जायला निघाला, तेवढ्यात कप्तानाने त्याला सुरी आणायला परत पाठवलं. त्याच्या जागी दुसरा माणूस वर गेला आणि तत्क्षणी लाटेने ओढून नेला. न्यूटन दोराने स्वतःला बांधून पंप मारत राहिला, मग कित्येक तास सुकाणू धरून उभा. तोंडून निघून गेलं, "देवा, आमच्यावर दया कर." आणि बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, कारण कित्येक वर्षांत त्याने देवाचं नाव घेतलं होतं ते फक्त शिवी म्हणून.

ही प्रार्थना खरी आहे. पुढे जन्मभर तो तो दिवस पाळत राहिला. त्याबद्दल मला कसलीही शंका नाही. पण "त्याच क्षणी माणूस बदलला" हे त्यालाच मान्य नव्हतं. आत्मकथनात तो साफ लिहितो की त्यानंतर बराच काळ जाईपर्यंत मी स्वतःला पूर्ण अर्थाने विश्वासणारा मानू शकत नाही.

आणि आता मजकुरात जे कुठेच नाही ते. त्या प्रार्थनेनंतर त्याच वर्षी तो पुन्हा आफ्रिकेला गेला. गुलाम नेणाऱ्या जहाजावर, दुय्यम अधिकारी म्हणून. १७५० मध्ये तो कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत त्याने तीन खेपा केल्या. लिव्हरपूलहून आफ्रिका, तिथून माणसं भरून अँटिग्वा किंवा सेंट किट्स, तिथे ती विकून परत. जहाजावर दर रविवारी तो खलाशांची उपासना घेत असे. वर उपासना आणि खाली साखळीत माणसं.

डिसेंबर १७५२ मधली त्याची एक नोंद आहे. गुलाम उठाव करणार असल्याचा सुगावा लागला. दोघे बेड्या सोडवताना सापडले, झडतीत चाकू, दगड आणि एक छिन्नी मिळाली. ही हत्यारं चार मुलग्यांनी आणून दिली होती. न्यूटन लिहितो की त्या मुलांना बेड्या घातल्या आणि पूर्ण कबुली काढण्यासाठी त्यांचे अंगठे थोडेसे शिकंज्यात दाबले. आणि ही नोंद सुरू होते ती कशाने? ईश्वरी कृपेने कट वेळेत उघडकीस आला, या आभाराने.

वादळानंतर पावणेपाच वर्षांनी. हाच माणूस. साखळीतल्या माणसांच्या घासावर कधीकाळी जगलेला.

मावशी, तुझ्या शब्बाथ शाळेतली मुलं साधारण त्याच वयाची आहेत. त्यांच्यातल्या कुणाला जहाजातून सुटून आनंदाने घरी जाणाऱ्या गुलामाची भूमिका द्यायची, हे मला सहन होत नाही. ती मुलं घरी गेली नाहीत. ती विकली गेली.

त्याने धंदा सोडला तो पश्चात्तापाने नाही. १७५४ मध्ये, पुढच्या खेपेच्या तोंडावर, त्याला अचानक झटका आला आणि तासभर तो निपचित पडून राहिला. डॉक्टरांनी समुद्रावर जाऊ नये असं सांगितलं. मग त्याने लिव्हरपूलला जकात खात्यात नोकरी धरली. दहा वर्षांनंतरच्या आत्मकथनात तो म्हणतो, या धंद्यात असताना तो गैर आहे अशी शंका मला कधीच आली नाही. ईश्वराने नेमून दिलेलं काम म्हणून मी एकंदरीत समाधानी होतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच ठिकाणी तो असंही लिहितो की आपण तुरुंगाचे रखवालदार आहोत असं वाटायचं, सतत बेड्या आणि अडसरांशी संबंध नकोसा व्हायचा. पण नकोसा वाटणं वेगळं आणि पाप समजणं वेगळं.

पाप म्हणून त्याने जाहीरपणे तोंड उघडलं १७८८ मध्ये. वादळाला चाळीस वर्षं झाली होती, कप्तानकी सुटून चौतीस. तो बासष्ट वर्षांचा, लंडनचा नावाजलेला पाळक. पुस्तिकेत त्याने काहीही झाकलं नाही. ज्या धंद्याच्या आठवणीने आता माझं काळीज थरथरतं त्यात मी स्वतः सामील होतो, अशी कबुली सुरुवातीलाच आहे. मग जहाजाच्या पोटाचं वर्णन. पाच फूट उंचीची जागा, तिच्या मधोमध फळ्या ठोकून केलेला दुसरा मजला, आणि वर-खाली दोन ओळींत, कपाटातल्या पुस्तकांसारखी एकाला एक चिकटून झोपवलेली माणसं. आणखी एक शिरणार नाही इतकी. अंगठ्याच्या शिकंज्यात माणसं तासन्‌तास, दिवसच्या दिवस तळमळताना पाहिली, असंही तो लिहितो.

मावशी म्हणाली, "अगं, पण संदेश चांगला आहे ना? देवाने माणूस बदलला." हेच तर मला खटकतं. संदेश चांगला नाही. एक प्रार्थना केली की सगळं सुटलं, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला ती माणसंही लगोलग खुशीत घरी गेली, असं मुलांना शिकवणं चांगलं कसं? खऱ्या गोष्टीत माणूस प्रार्थना करतो, उपासना घेतो, देवाचे आभार मानतो आणि तरीही चार मुलांचे अंगठे चिरडतो, आणि हे चूक आहे हे उघड बोलायला त्याला चाळीस वर्षं लागतात. आमच्या मंडळीत जातीवरून काय काय चालतं हे मावशीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रविवारची उपासना चुकवत नाहीत अशीच माणसं ते करतात. त्यांना ऐकवायची ही गोष्ट आहे, आणि फॉरवर्डने नेमका तिचाच गळा दाबलाय.

"त्याच रात्री डेकवर लिहिलं"

वादळ १७४८. गीत १७७२ च्या अखेरीस. मध्ये चोवीस वर्षं.

गीत लिहिलं गेलं ओल्नीत, १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी. नववर्षाच्या प्रवचनाचा उतारा होता बायबलमधला १ इतिहास १७:१६-१७, म्हणजे दावीद राजा परमेश्वरापुढे बसून म्हणतो की मी कोण, माझं घराणं काय, की तू मला इथवर आणलंस. गीत कडव्याकडव्याने त्या उताऱ्यामागून चालतं. आजवर काय झालं, आज कुठे आहे, पुढे काय होणार. त्यात जहाज नाही, समुद्र नाही, वादळ नाही, गुलामही नाहीत. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी गीत एकदा सावकाश वाचलं असतं तरी पुरलं असतं.

हे गीत कोणासाठी होतं ते ओल्नीत गेल्यावर कळतं. त्या काळी हे गाव हाताने लेस विणणाऱ्यांचं होतं. मांडीवर पेंढा भरलेली गच्च उशी, तिच्यावर टाचण्यांनी खोवलेला नमुना, आणि दोऱ्याच्या कितीतरी लाकडी फिरक्या एकमेकींवरून टाकत टाकत बोटभर पट्टी वाढायची. बायका करत, लहान मुलं करत, अंधार पडला की मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून त्यातून पडणाऱ्या उजेडात करत. म्युझियममध्ये या उशा आणि फिरक्या ठेवल्या आहेत. फिरकीच्या टोकाला रंगीत मणी ओवलेले असतात, वजनासाठी. न्यूटनचा शेजारी आणि मित्र, कवी विल्यम कूपर, याने १७८० मधल्या एका पत्रात लिहिलंय की या भिकेला लागलेल्या गावात जवळजवळ बाराशे लेस विणणारे आहेत आणि त्यांची गरिबी मी डोळ्यांनी पाहतो.

न्यूटन या लोकांना आठवड्यात संध्याकाळी गोळा करायचा, एका मोठ्या रिकाम्या घरात प्रार्थनासभा घ्यायचा, आणि बहुधा सभेगणिक नवं गीत करायचा. शिकलेली माणसं थोडी, म्हणून शब्द छोटे आणि सोपे. कूपरनेही काही गीतं लिहिली. दोघांची मिळून साडेतीनशेच्या आसपास गीतं १७७९ मध्ये ओल्नीच्याच नावाने पुस्तकरूपात छापली गेली, आणि त्यात हे गीत पहिल्या भागात एक्केचाळिसावं आहे, बाकीच्यांसारखंच एक. इंग्लंडमध्ये पुढे शंभर वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलंही नाही.

नव्या वर्षाच्या त्याच दिवसानंतर कूपर मनाच्या भयंकर आजारात बुडाला आणि पुन्हा कधी चर्चमध्ये आला नाही. न्यूटन दाम्पत्याने त्याला वर्षभर स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. पुढे १७८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध त्यानेही कविता लिहिल्या, आणि त्या न्यूटनच्या पुस्तिकेइतक्याच गाजल्या. फॉरवर्डमध्ये कूपरचं नाव नाही.

आपल्याला ओल्नीशी नातंच हवं असेल तर ते खरंखुरं आहे. विल्यम कॅरी! चर्मकारी करणारा हा तरुण ओल्नीच्या बाप्टिस्ट मंडळीचा सभासद होता, आणि १७८६ मध्ये याच मंडळीने त्याला उपदेशक म्हणून पाठवलं. तिथले पाळक जॉन सटक्लिफ त्याचे गुरू. १७९२ मध्ये मिशनकार्याबद्दल लिहिलेल्या पुस्तिकेत कॅरी म्हणतो की वेस्ट इंडीजची साखर अन्यायाने मिळवलेली असते म्हणून कितीतरी लोकांनी ती खाणं सोडलंय, तेच पैसे या कामी द्यावेत. पुढच्या वर्षी तो बंगालला आला, आणि कलकत्त्याजवळच्या सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश त्याने छापला, तो वैजनाथ पंडितांच्या मदतीने. आज शब्बाथ शाळेत मराठीतून पवित्र शास्त्र वाचलं जातं त्याचा एक धागा ओल्नीच्या त्या छोट्या चर्चपर्यंत जातो. हे कुणी दहा जणांना पाठवत नाही.

"चाल गुलामांची, म्हणून फक्त काळ्या पट्ट्यांवर वाजते"

याचा एक व्हिडिओही फिरतो. गाणारा फार सुंदर गातो, पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर चाल वाजवून दाखवतो आणि म्हणतो की ही आफ्रिकेची 'गुलामांची सप्तकं', न्यूटनने ती जहाजात ऐकली.

घरात पेटी असेल तर काढा. काळी तीनचा षड्ज धरा आणि नुसत्या काळ्या पट्ट्या ओळीने वाजवा. सा रे ग प ध. हा भूप आहे. म्हणजे या न्यायाने भूपही न्यूटनच्या जहाजातून आला म्हणायचा. पाच स्वरांच्या चाली स्कॉटलंडच्या लोकगीतांत आहेत, चीनमध्ये आहेत, आपल्या पहाटेच्या भूपाळ्यांत आहेत. काळ्या पट्ट्यांवर वाजते एवढ्यावरून चालीचा गाव ठरत नाही.

न्यूटनच्या १७७९ च्या पुस्तकात नुसते शब्द आहेत, एकाही गीताला चाल छापलेली नाही. आज आपण गातो ती चाल अमेरिकेत १८२९ च्या सुमारास छापील पुस्तकांत दिसते, वेगळ्याच नावांनी आणि वेगळ्याच शब्दांसह. न्यूटनच्या शब्दांशी तिचं लग्न लावलं ते १८३५ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या विल्यम वॉकरने. न्यूटनला जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्याने ही चाल या शब्दांवर कधी ऐकलीच नाही. दहा हजार वर्षांबद्दलचं शेवटचं कडवंही त्याचं नाही, ते नंतर दुसऱ्या गीतातून येऊन चिकटलं.

इथेही एक गोष्ट मान्य करते, जरा नाइलाजाने. आज जगभर जे गीत कानात बसलंय, ते संथ, ओढून ओढून, एकेका अक्षरावर थांबत गायलेलं, ते अमेरिकेतल्या काळ्या मंडळ्यांनी घडवलं. माहेलिया जॅक्सनचं १९४७ चं ध्वनिमुद्रण ऐका. तेव्हा गुलामांच्या वंशजांचा या गीतावर हक्क आहे, आणि न्यूटनपेक्षा तो कमी नाही. पण तो त्यांनी गाऊन कमावला आहे. जहाजाच्या पोटात कण्हणाऱ्या माणसांनी कप्तानाला चाल पुरवली, हे म्हणणं म्हणजे त्यांच्याकडून शेवटची एक वस्तूही काढून घेऊन त्यालाच बहाल करणं.

"गीत ऐकून इंग्लंडने माफी मागितली आणि गुलाम मुक्त केले"

या गीताने काही बंद पडलं नाही. न्यूटनने मदत केली ती वेगळ्या वाटेने. डिसेंबर १७८५ मध्ये तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स राजकारण सोडून धर्मसेवेत जावं का हे विचारायला त्याच्याकडे गुपचूप आला. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं. पुढे त्याची पुस्तिका आली, सरकारी चौकशीत आणि संसदेच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. ज्याने स्वतः माणसं विकली त्याची साक्ष, म्हणून तिला वजन होतं. २५ मार्च १८०७ ला गुलामांच्या व्यापारावर बंदी आली. न्यूटन त्याच वर्षी २१ डिसेंबरला गेला. एवढं श्रेय त्याचं आहे आणि ते मोठं आहे.

पण बंदी आली ती व्यापारावर. जे आधीच गुलाम होते ते गुलामच राहिले. आणि लढा एकट्या गोऱ्या पाळकांचा नव्हता. स्वतःचे पैसे भरून स्वातंत्र्य विकत घेतलेला ओलाउडा इक्वियानो इंग्लंडभर फिरून आपली कहाणी सांगत होता. हजारो घरांतल्या बायकांनी साखर बंद केली. १७९१ मध्ये आजच्या हैतीतले गुलाम उठले आणि त्यांनी फ्रेंचांना हाकलून स्वतःचं राष्ट्र उभं केलं. १८३१ च्या नाताळात जमैकाचे गुलाम उठले. त्यांचा पुढारी सॅम्युएल शार्प बाप्टिस्ट मंडळीचा उपदेशक होता आणि त्याला फाशी झाली. नाताळात नाटुकलंच करायचं असेल तर, मावशी, हा माणूस घे.

गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला १८३३ मध्ये, लागू झाला १८३४ मध्ये, आणि त्यानंतरही बहुतेकांना उमेदवारीच्या, म्हणजे काम शिकण्याच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावं लागलं. सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. मालकांना. गुलामांना त्यातला एक पेनीही मिळाला नाही. आणि त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. त्या मुलखात तेव्हा पुणं होतं, आणि नगरही. इथल्या न्यायालयांनी गुलामावरची मालकी मानायचं थांबवलं ते १८४३ च्या कायद्याने.